गॅस हवेत सोडू नका : एसी-फ्रिज उघडण्याची नीट पद्धत, आणि तिचा ध्रुवावरच्या बर्फाशी असलेला संबंध

बेळगावात ऊन तापायला लागलं की खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत एक काम जोरात सुरू होतं, ते म्हणजे एसीत गॅस भरणं. मेकॅनिक येतो, पिन दाबतो, उरलासुरला गॅस फुस्स करून उडवतो आणि नवा भरतो. हा गॅस आर-२२ असेल आणि एक किलो उडाला असेल, तर १०० वर्षांच्या हिशेबाने तो १,७६० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप करतो. १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हे साडेसातशे लिटरहून जास्त पेट्रोल झालं. लिटरला ५० किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकलवर तेवढ्यात बेळगाव-कोल्हापूरच्या जाऊन-येऊन पावणेदोनशेच्या आसपास फेऱ्या होतात.

हा लेख मेकॅनिकसाठी आहे. ज्यांच्या घरी, दुकानात, दवाखान्यात किंवा गावच्या दूध डेअरीत मेकॅनिक येतो त्यांच्यासाठीही आहे. काम कसं व्हायला हवं हे मालकाला माहीत असलं, की मेकॅनिकलाही ते तसं करायला वेळ मिळतो.

ओझोनचं भोक वेगळं, पृथ्वीचा ताप वेगळा

‘ओझोनला भोक पडलं म्हणून उष्मा वाढला’ असं वाक्य शाळेच्या फळ्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते बरोबर नाही. ओझोन विरळ झाला की अतिनील किरण जास्त येतात, त्वचेला आणि डोळ्यांना धोका वाढतो. पण त्यामुळे पृथ्वी तापत नाही. उलट ओझोन कमी झाल्याने वरचा थर थोडा थंडच होतो. पृथ्वी तापते ती ज्या रसायनांनी ओझोन खाल्ला त्याच रसायनांमुळे, पण वेगळ्या वाटेने. सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन, जसा जुन्या फ्रिजमधला आर-१२) आणि एचसीएफसी (त्यांचेच हायड्रोजन असलेले भाऊबंद, जसा आर-२२) हे स्वतःच जबरदस्त हरितगृह वायू आहेत.

खानापूरकडचं जुनं कौलारू घर आठवा. चुलीचा धूर आणि ऊब छपरातल्या धुराड्यातून बाहेर पडते. जमिनीतून आकाशाकडे जाणाऱ्या उष्णतेलाही असंच एक धुराडं आहे. ८ ते १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णतेला फारसे अडवत नाहीत. सीएफसीतले कार्बन-फ्लोरिन आणि कार्बन-क्लोरिन बंध नेमके याच पट्ट्यात उष्णता शोषतात. आधीच झाकलेल्या कौलांवर आणखी एक कौल ठेवल्याने फार फरक पडत नाही, पण धुराड्यात बोळा कोंबला की घर लगेच कोंदतं. म्हणून हवेत हे वायू अब्जात काही भागांपेक्षाही कमी असूनही त्यांचा परिणाम मोठा आहे.

हे पहिल्यांदा १९७५ साली दाखवलं ते वीरभद्रन रामनाथन यांनी. सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून जास्त रेणूंना भारी पडतो, असा त्यांचा हिशेब होता. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकायला जाण्याआधी ते सिकंदराबादच्या एका फ्रिज कारखान्यात इंजिनिअर होते आणि फ्रिजमधला गॅस का गळतो हे शोधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. गळतीकडे बारकाईने पाहणारा माणूस कुठवर पोचू शकतो, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

आता ध्रुवांचं. हे वायू एकदा सुटले की वर्षा-दोन वर्षांत सगळ्या पृथ्वीभर सारखे पसरतात. बेळगावच्या शहापुरात सोडलेला गॅस शहापुरावर राहत नाही. पण ताप सगळीकडे सारखा वाढत नाही. आर्क्टिकमध्ये पांढरा बर्फ वितळला की खालचा काळा समुद्र ऊन पितो, तो तापला की आणखी बर्फ वितळतो. शिवाय तिथली थंड, जड हवा वरच्या हवेत मिसळत नाही, त्यामुळे उष्णता जमिनीलगतच अडकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकी अभ्यासात १९५५ ते २००५ हा काळ पुन्हा चालवून पाहिला, फक्त ओझोन खाणारे वायू वाढू दिले नाहीत. जगाची तापमानवाढ सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली, आर्क्टिकची जवळपास निम्म्याने. २०२३ साली दुसऱ्या मॉडेलवर झालेल्या अभ्यासात हे आकडे ३० आणि ३७ टक्के आले. ओझोन घटल्याने झालेला थोडा थंडावा वजा किती करायचा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण वाटा मोठा आहे, यावर नाही.

अंटार्क्टिकाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. तिथे ओझोनच्या भोकामुळे वरची हवा थंड झाली, पश्चिमी वारे दक्षिणेकडे सरकले. त्यामुळे पूर्व अंटार्क्टिका काही काळ फारसा तापला नाही, पण अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे ऊबदार वारे जास्त पोचले.

हे सगळं आपल्यापासून फार दूर आहे असं वाटत असेल, तर लोंढ्यावरून वास्कोला जाणारी गाडी पकडा. भारताचं ध्रुवीय संशोधनाचं मुख्य केंद्र वास्कोतच, सडा टेकडीवर आहे.

आधी नेमप्लेट वाचा

कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी मागच्या किंवा बाजूच्या पट्टीवरचा गॅसचा क्रमांक आणि वजन वहीत लिहा. कोणता गॅस किती वाईट, याचा अंदाज असा (‘पट’ म्हणजे तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत):

आर-१२ : २००३ पूर्वीचे फ्रिज, जुन्या गाड्यांचे एसी. ओझोन खातो. ताप १०,२०० पट.
आर-२२ : जुने विंडो आणि स्प्लिट एसी, बरेच जुने बल्क मिल्क कूलर. ओझोन खातो. ताप १,७६० पट.
आर-१३४ए : त्यानंतरचे फ्रिज, गाड्या. ओझोनला धोका नाही. ताप १,३०० पट.
आर-४०४ए : डीप फ्रीझर, कोल्ड रूम. ओझोनला धोका नाही, पण ताप जवळपास ३,९०० पट.
आर-४१०ए : ताप सुमारे २,००० पट. आर-३२ : सुमारे ६७५ पट.
आर-२९० आणि आर-६००ए : ताप नगण्य, पण दोन्ही भडका घेणारे.

‘ओझोन फ्रेंडली’ असं स्टिकर असलेला गॅसही हवेत सोडायचा नाही, हे या यादीवरून कळेल. मोठ्या शीतगृहांत अमोनिया असतो. त्याचा ओझोनशी किंवा तापाशी संबंध नाही, पण तो विषारी आहे आणि त्याचं काम वेगळं आहे.

कायद्याचं थोडक्यात : भारत १९९२ साली ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल करारात आला. ओझोन खाणाऱ्या पदार्थांचे नियम २००० साली झाले आणि सीएफसी १ जानेवारी २०१० पासून बंद झाले. एचसीएफसी, म्हणजे आपला आर-२२, २०३० पर्यंत संपवायचा आहे. त्यानंतर दुरुस्तीपुरता थोडासाच मिळेल. म्हणजे आज सिलिंडरमध्ये परत घेतलेला आर-२२ उद्या तुमच्याच गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडणार आहे.

स्प्लिट एसी हलवायचा असेल तर : पंप-डाऊन

घर बदलताना सगळ्यांत जास्त गॅस वाया जातो, आणि वाचवायला सगळ्यांत सोपाही इथेच असतो. रिकव्हरी मशीन (यंत्रातला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं) नसलं तरी चालतं, कारण सगळा गॅस आउटडोअरमध्येच ओढून बंद करता येतो.

एसी कूलिंगवर दहा मिनिटं चालू ठेवा. पावसाळ्यात किंवा थंडीत कॉम्प्रेसर लागत नसेल तर इनडोअरवरचं फोर्स्ड कूलिंगचं बटण वापरा. जाड पाइपच्या सर्व्हिस पोर्टला गेज लावा. आता ॲलन कीने बारीक पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. काटा खाली यायला लागतो, बहुतेक एसींत मिनिट-दोन मिनिटांत. तो शून्याच्या जरा वर, १ ते ३ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह लगेच बंद करा आणि त्याच क्षणी वीज तोडा. एकट्याने करू नका. एकाचा हात ॲलन कीवर, दुसऱ्याचा एमसीबीवर.

चूक होते ती शून्याच्या खाली ओढत बसण्यात. कुठला फ्लेअर नट (पाइप जोडणारा पितळी नट) सैल असेल तर तिथून हवा आत येते. हवा, तेल आणि गॅस कॉम्प्रेसरमध्ये एकत्र दाबले गेले की डिझेल इंजिनसारखा आत स्फोट होऊ शकतो. आधीपासून गळती असलेल्या एसीवर म्हणूनच पंप-डाऊन करायचं नाही.

नव्या जागी बसवताना पुन्हा एक वाईट सवय आडवी येते : आउटडोअरचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा आणि दुसरीकडचा नट सैल करून गॅसनेच पाइपमधली हवा ढकलायची. गॅस तर जातोच, शिवाय पाइपच्या भिंतीला चिकटलेली ओल तशीच राहते. पाइपातली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढायची.

विंडो एसी, फ्रिज, डीप फ्रीझर : रिकव्हरी

यांना व्हॉल्व्ह नसतात. चार्जिंग ट्यूबवर टोचून बसणारा लाइन टॅप व्हॉल्व्ह लावा. तिथून गेज, गेजमधून फिल्टर ड्रायर (ओल आणि कचरा टिपणारा), मग रिकव्हरी मशीन आणि शेवटी वजनकाट्यावर ठेवलेला रिकव्हरी सिलिंडर. सिलिंडर आधी व्हॅक्यूम केलेला असावा आणि त्यात फक्त त्याच क्रमांकाचा गॅस जावा. दोन गॅस मिसळले की ते कोणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत.

किती भरायचं? सिलिंडरवर त्याची पाणी मावण्याची क्षमता लिटरमध्ये कोरलेली असते. आर-२२ साठी तो आकडा गुणिले ०.८, तेवढे किलो. १२ लिटरचा सिलिंडर असेल तर ९.६ किलोपाशी थांबा. आर-३२ हलका असतो, त्याला ०.७ ने गुणा, आणि सिलिंडर त्याच्या दाबाला चालणारा आहे का ते तपासा. आर-३२ साठी मशीनही ज्वालाग्राही गॅसला चालणारं लागतं. नवा गॅस ज्या डिस्पोजेबल सिलिंडरमध्ये येतो, तो रिकामा झाला म्हणून त्यात जुना गॅस कधीही भरू नका. तो पुन्हा भरण्यासाठी बनवलेलाच नसतो. उन्हात ठेवला तर फुटू शकतो.

एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली सिलिंडर तापतो, दाब वाढतो आणि मशीन दमतं. सिलिंडर बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवा, काम लवकर होतं. गेज शून्याच्या खाली गेलं की मशीन बंद करून पाच मिनिटं थांबा. काटा पुन्हा वर आला तर तेलात विरघळलेला गॅस बाहेर येतोय, असं समजून पुन्हा ओढा. हा टप्पा घाईत सगळेच गाळतात, आणि नेमका तिथे बराच गॅस राहून जातो.

सिलिंडरला चिठ्ठी बांधा : गॅसचा क्रमांक, वजन, तारीख, कोणत्या यंत्रातून. क्रमांक मोठ्या आकड्यांत लिहा, कारण आपल्याकडे एकाच वर्कशॉपमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू वाचणारे हात काम करतात. आकडा सगळ्यांनाच कळतो.

हा गॅस पुन्हा वापरायचा की नाही, हे दाबावरून ठरवा. सिलिंडर रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी तापमान आणि दाब दोन्ही बघा. शुद्ध आर-२२ चा दाब २० अंशांना सुमारे ११७, २५ ला १३७, ३० ला १५८ आणि ३५ ला १८२ पीएसआय असतो. त्यापेक्षा दहा-बारा पीएसआय जास्त असेल तर आत हवा किंवा दुसरा गॅस मिसळलेला आहे. कॉम्प्रेसर जळलेला असेल, तेल काळं आणि उग्र वासाचं असेल, तर त्या गॅसमध्ये आम्ल असतं. तो वेगळा ठेवा, दुसऱ्या यंत्रात घालू नका.

गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही

बंद प्रणालीत गॅस ‘संपत’ नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. दरवर्षी अर्धा किलो आर-२२ भरणारा दुकानदार दरवर्षी ८८० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा ताप हवेत सोडतो. तोच एसी वर्षाला १,००० युनिट वीज खात असेल, तर त्या विजेचा कार्बन साधारण ७०० किलो असतो. गळतीचा हिशेब वीजबिलाच्या पुढे गेला.

कोरड्या नायट्रोजनने दाब द्या. रेग्युलेटर लावल्याशिवाय नायट्रोजनचा सिलिंडर उघडू नका, त्यात १५० बारपर्यंत दाब असतो. नेमप्लेटवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेलाला लागला की स्फोट होतो, आणि वेल्डिंगच्या दुकानात दोन्ही सिलिंडर शेजारी उभे असतात म्हणून हे पुन्हा सांगावं लागतं.

साबणाचा फेस लावताना आधी फ्लेअर नट, मग आउटडोअरच्या व्हॉल्व्हचे दांडे, पिन, कूलिंग कॉइलचे वळणावरचे जोड, आणि जिथे पाइप पत्र्याला घासतो ती जागा. गोठ्याला लागून असलेल्या डेअरीत पितळी नट विशेष बघा. शेण-मुताच्या अमोनियाने पितळ हळूहळू तडकतं, आणि ती तड केसासारखी बारीक असते. फेस लावून दोन मिनिटं टक लावून बसलं तर मोहरीएवढा एकच बुडबुडा हळू फुगताना दिसतो. घाईने पुसून टाकणाऱ्याला तो दिसत नाही.

दाब देऊन रात्रभर ठेवला तर तापमानाचा हिशेब करा. ३०० पीएसआय संध्याकाळी ३० अंशांना भरला आणि पहाटे २० अंश झाले, तर काटा आपोआप दहा पीएसआयने उतरतो. ती गळती नाही. बेळगावच्या हिवाळ्यात दिवस-रात्रीत एवढा फरक सहज पडतो, आणि त्यापायी चांगले जोड उगाच पुन्हा तोडले जातात.

ब्रेझिंग (तापवून पाइपचे जोड सांधणं) करताना पाइपमधून नायट्रोजनचा बारीक झोत चालू ठेवा. नाहीतर आत काळी खपली धरते आणि नंतर कॅपिलरीत (गॅसच्या वाटेवरच्या अगदी बारीक नळीत) अडकते. आतली सफाईही नायट्रोजननेच करा. फ्लशिंगसाठी पूर्वी मिळणारं आर-१४१बी हेसुद्धा ओझोन खाणारंच रसायन आहे.

व्हॅक्यूम : बेळगावचा काटा ३० ला जात नाही

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाबच कमी, म्हणून शून्यावर नीट बसवलेलं गेज पूर्ण व्हॅक्यूमलाही पाऱ्याच्या सव्वासत्तावीस इंचांच्या पुढे जाणार नाही. अथणीकडे उंची कमी, तिथे २८ च्या आसपास. ‘पंप कमजोर झाला, काटा ३० ला जात नाही’ म्हणून चांगला पंप बदलू नका. आणि काटा २९ दाखवत असेल तर खूश होऊ नका, गेजचं शून्य चुकलंय.

खरं मोजमाप मायक्रॉन गेजचं (इथला मायक्रॉन हे तरंगलांबीचं नाही, तर उरलेल्या दाबाचं बारीक माप). ५०० मायक्रॉनच्या खाली जा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटं बघा. आकडा थोडा वर चढून दीड-दोन हजारांवर थांबला तर आत ओल आहे. थांबतच नसेल तर गळती. २५ अंशांना पाणी सुमारे २३,८०० मायक्रॉनला उकळतं. त्याच्या बऱ्याच खाली गेल्याशिवाय ओल वाफ होऊन निघत नाही, आणि साध्या काट्यावर हा फरक दिसतच नाही.

जांबोटी, कणकुंबी, खानापूर या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. तिथे पाइपची तोंडं शेवटच्या क्षणापर्यंत बंद ठेवा. ड्रायर पाकिटातून काढला की पंधरा मिनिटांच्या आत ब्रेझ करा. व्हॅक्यूम तीनदा करा, मधल्या दोन वेळा नायट्रोजन भरून सोडून द्या. पंपाचं तेल दुधासारखं पांढरट दिसलं की तिथल्या तिथे बदला. ओल राहिली की ती कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ होऊन बसते, एसी थांबून-थांबून गार करतो, मेकॅनिकला ‘गॅस कमी’ वाटतो आणि तो पुन्हा गॅस उडवून भरतो.

वजनाने भरा

हात लावून पाइप गार लागला म्हणजे गॅस बरोबर, ही पद्धत सोडा. नेमप्लेटवरचं वजन काट्यावर मोजून भरा. आर-६००ए च्या फ्रिजमध्ये पन्नास ग्रॅमच्या आसपास गॅस असतो, तिथे दहा ग्रॅमची चूकही मोठी. म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो.

आर-२२ च्या एसीत स्वस्त पडतो म्हणून आर-२९० भरू नका. ते यंत्र भडका घेणाऱ्या गॅससाठी बनवलेलं नाही. त्याच्या रिले आणि स्विचची एक ठिणगी पुरते. आर-३२ सुद्धा जुन्या आर-२२ एसीत चालत नाही, त्याचा दाब खूप जास्त.

भरून झालं की चार्जिंग ट्यूब पिंच करून ब्रेझ करा आणि लाइन टॅप काढून टाका. तो तसाच ठेवला तर वर्षभरात पुढची गळती तिथूनच होते.

भंगारात जाणारा जुना फ्रिज

भंगारवाला तांब्यासाठी पहिला घाव पाइपवर घालतो. म्हणून गॅस काढून घेतल्याशिवाय यंत्र दाराबाहेर देऊ नका. २००३ पूर्वीच्या फ्रिजमध्ये आर-१२ असू शकतो. नुसता शंभर ग्रॅम सुटला तरी एक टन कार्बन डायऑक्साइडएवढा ताप. त्या काळच्या फ्रिजच्या भिंतींतला पिवळा फोमही आर-११ ने (हाही सीएफसीच) फुगवलेला असायचा, आणि तो गॅस अजून फोमच्या बारीक छिद्रांत बसून आहे. म्हणून दार-भिंती कुऱ्हाडीने फोडू नका, फोम जाळू तर मुळीच नका. गॅस काढलेला फ्रिज अखंडच नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या, पावती घ्या. मेकॅनिकने परत घेतलेल्या गॅसचं वजन त्याच पावतीच्या मागे लिहून सही करून द्यावी.